होडीतली दुसरी जागा

फिलोमीन कीसिक माझी सख्खी धाकटी बहीण. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं मी तिचं कौतुक करायला लागलो की कुणी गालात हसायला नको. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आमच्या लून बे गावात आणि तळ्याच्या पलीकडच्या गावांतसुद्धा तिच्यासारखी बाई नाही. आणि तिला होडीत तोल सांभाळायला शिकवलं कुणी? मी. भात झोडपायच्या टिपऱ्या धरायला शिकवलं कुणी? मीच. शाळा माझी जेमतेम. मी ती पुरी केली नाही, तिनं मला पुरं करायच्या आत पळून आलो. पण डोळे शाबूत आहेत, आणि पाहिलं तेच सांगतो. मध्येमध्ये मीही येईन. तेव्हा मला नुसतं 'दादा' म्हणा. ती तेच म्हणते, आणि गोष्ट तिची आहे.

फिलोमीनच्या गळ्यात चर्चची किल्ली असायची, बुटाच्या नाडीला बांधलेली. पाळक महिन्यातून एकदा विमानानं यायचा, आला तर. बाकी सगळे रविवार तिचेच. घंटा ती वाजवायची, चूल ती पेटवायची, गाणी ती म्हणायची, आमच्या मूळनिवासी लोकांच्या भाषेत. गावात कुणी गेलं की रात्रभर उशाशी बसून गाणारी तीच. शाळेत हीच भाषा बोलली म्हणून तिच्या तोंडात साबण कोंबला होता, आणि ती शाळा चर्चवाल्यांचीच होती. दादा तिला विचारायचा, "इतकं होऊन तू त्यांच्याच देवाला कशी काय धरून बसलीस गं?"

ती म्हणायची, "दादा, येशू त्या शाळेत मास्तर नव्हता. तो माझ्याबरोबर मागच्या बाकावर होता."



चर्चसमोर तळं आत वळतं, त्याला आम्ही खाडी म्हणतो. आमच्या आईच्या वेळी ती खाडी देवभातानं भरलेली असायची. पाण्यातच उगवतो, पाण्यातच पिकतो. कुणी नांगरत नाही, कुणी निंदत नाही. मग खाली नदीवर धरण झालं, पाणी चढलं आणि भात बुडाला. आई खाडीकडं पाठ करून बसायला लागली ती मरेपर्यंत.

फिलोमीननं काय केलं, दरवर्षी धरणाचं पाणी न पोचलेल्या वरच्या तळ्यावरून भात आणला की पहिलं पोतं घरात नेलंच नाही. चिखलात कालवायचं, गोळे करायचे आणि खाडीच्या उथळ कडेला टाकायचे. तिचा नवरा एनोस होडी काठीनं रेटायचा आणि ती गोळे टाकायची. गाव हसायचं. "कीसिकबाई बदकांना जेवण घालतायत," म्हणायचे. बदकं खरंच जेवायची. पण हळूहळू एक हिरवा पट्टा दिसायला लागला, मग दोन. एनोस गेला त्या वर्षी खाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी होती. त्याला ते दवाखान्याच्या खाटेवर सांगावं लागलं.

त्याच दवाखान्यात समोरच्या खाटेवर एक म्हातारी होती, मॅनिटोबाच्या गव्हाच्या मुलखातली, मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाची. तिचा मुलगा गेरहार्ट विबे आणि सून टीना रोज येत. टीना सूप आणायची ते दोन डब्यांतून, एक सासूला आणि एक फिलोमीनला. न विचारता. एनोसनं शेवटचा श्वास घेतला तेव्हा फिलोमीन त्याच्यासाठी गात होती. तिचा आवाज फुटला, तर गेरहार्टनं खालच्या सुरात चाल धरून ठेवली. शब्द त्याला येत नव्हते, चाल येत होती.

म्हणून चर्चचं छप्पर गळायला लागलं तेव्हा तिनं त्यालाच फोन केला.

आमच्या गावाचा चीफ, म्हणजे प्रमुख, रेमंड हा आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. त्यानं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "मावशी, बाहेरचे लोक नकोत. हे लोक हातोडा घेऊन येतात आणि फोटो काढून जातात."

"छप्पर तू घालतोस का मग?"

"घालतो ना. पुढच्या वर्षी."

"मागच्या वर्षीही पुढच्याच वर्षी घालणार होतास. येऊ देत. त्यांचं जे काय बरंवाईट होईल ते माझ्याकडं."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. आमच्यात असं कुणी बोललं की ते हवेत सोडून देत नाहीत.

पेरणी उरकून जूनमध्ये ते आले. गेरहार्ट, टीना आणि त्यांच्या मंडळीतली दहाबारा माणसं. गेरहार्ट हा असा उंच, की आमच्या चर्चच्या दारातून शिरताना रोज एकदा कपाळ आपटायचा आणि रोज दाराचीच माफी मागायचा. गावानं त्याचं नाव 'हातोडा' ठेवलं. लोक मात्र कामाचे. पहाटे छपरावर चढायचे ते दुपारी ओढूनच खाली आणावे लागायचे. फिलोमीन त्यांना तळलेले मासे आणि बॅनक, म्हणजे आमची जाड रोटी, खाऊ घालायची, टीना जायफळ घातलेल्या वड्या करायची. संध्याकाळी ते चार सुरांत गायचे आणि फिलोमीन त्यांत पाचवा घालायची. रेमंडसुद्धा एकदा वड्या खायला म्हणून आला आणि गाणं संपेपर्यंत बसला. वड्यांसाठी, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं.

मग छपराचे पत्रे घेऊन येणारी बोट अडकली. आणि फिलोमीनला चष्म्यासाठी शहरात जावं लागलं.

आता या लोकांचं एक सांगतो. त्यांना सगळं जमतं, फक्त रिकाम्या हातानं बसणं जमत नाही. आमच्याकडं काम थांबलं की माणूस गळ टाकून बसतो. त्यांना ते पापासारखं वाटतं. त्यांनी चर्च झाडलं, लाकडं रचली, कुंपण रंगवलं, ज्याला रंग नको होता. मग टीना म्हणाली, "फिलोमीनताई येईपर्यंत काहीतरी छान करून ठेवूया. पुढचं पाणी बघा ना किती गवतानं भरलंय. लेकरांना पोहायला जागा नाही."

जूनमध्ये देवभात उभा नसतो. त्याची पानं पाण्यावर आडवी पडलेली असतात, फितीसारखी. ज्याला माहीत नाही त्याला ते गवतच. हे लोक शेतात तणाचं एक पान ठेवत नाहीत. उतरले पाण्यात कमरेपर्यंत, खांद्याला खांदा लावून ओळ केली आणि गाणी म्हणत म्हणत मुळापासून उपटलं. गाव त्या दिवशी पलीकडच्या काठावर मासे धरायला गेलं होतं. दादा घरी होता, पण गुडघे धरून झोपला होता. जागा असता तर ही गोष्टच झाली नसती.

फिलोमीनची बोट आली तेव्हा ते सगळे धक्क्यावर एका रांगेत उभे होते. चिखलानं माखलेले, हसरे. गेरहार्टनं टोपी काढून हातात धरली होती. त्यांच्या मागं काठावर हिरवा ढीग, माणसाएवढा उंच.

फिलोमीनच्या नाकावर नवा चष्मा होता. बोटीतून उतरायच्या आधीच तिनं खाडी पाहिली. स्वच्छ. आरशासारखी.

"तुमच्यासाठी," टीना म्हणाली. "आवडलं?"

फिलोमीन बोटीतून उतरली. ढिगापाशी गेली, खाली बसली. एक फीत उचलली, तिच्या टोकाची मुळं बोटांनी धुतल्यासारखी साफ केली आणि परत ढिगावर ठेवली. झोपलेल्या पोराचा हात ठेवतात तशी. रांगेतलं हसू एकेका चेहऱ्यावरून विझत गेलं.

"मी काय केलं?" गेरहार्टनं विचारलं. 'आम्ही' नाही म्हणाला. हे दादानं पाहिलं, कारण तोवर तो लंगडत खाली आला होता.

"तुम्ही जेवलात का?" फिलोमीननं विचारलं.

"फिलोमीनताई, आम्ही काय केलं?" टीनानं विचारलं.

मग दादानं सांगितलं. जरा आवाज चढवूनच सांगितलं. आई, धरण, पोती, एनोस, सगळं. टीना तिथंच चिखलात बसली. गेरहार्ट धावत पाण्यात शिरला आणि दोन मुठी फिती घेऊन त्या परत तळाशी खोचायला लागला. त्या वर यायच्या, तो परत खोचायचा. फिलोमीन पाण्यात गेली, त्याचं मनगट धरलं आणि म्हणाली, "राहू दे. असं नाही लागत ते. बाहेर ये, ओठ निळे झालेत तुझे."

दुसऱ्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक बोलले ते काही इथं लिहिण्यासारखं नाही. थोडं दादाही बोलला. गेरहार्ट उभा राहिला आणि भरपाई देतो म्हणाला, तर मागून कुणीतरी ओरडलं, "एनोसला आणून दे!" तो खाली बसला.

रेमंड म्हणाला, "आजच्या बोटीनं निघा. छप्पर आमचं आम्ही बघू."

"पुढच्या वर्षी," फिलोमीन म्हणाली. दोनचार जण नाइलाजानं हसले. ती उठली. "यांना मी बोलावलं. यांचं बरंवाईट माझ्याकडं, असं मी म्हणाले होते. म्हणून मी सांगते काय करायचं ते. छप्पर पुरं करतील. मग घरी जातील. आणि भात पिकला की हा," तिनं गेरहार्टकडं बोट केलं, "परत येईल. माझ्या होडीत काठी धरेल. एनोसची जागा रिकामी आहे, दादाचे गुडघे गेलेत. पहिलं पोतं तो स्वतःच्या हातानं खाडीत टाकेल. खाडी भरेपर्यंत दरवर्षी येईल."

"येतो," गेरहार्ट म्हणाला. "कुठली तारीख?"

"तारीख भाताला विचार."

"मावशी, हे लोक येत नसतात," रेमंड म्हणाला. "जायच्या वेळी रडतात, नाताळला शुभेच्छा पाठवतात. झालं." मग गेरहार्टकडं वळला. टेबलावरचं बायबल त्याच्याकडं सरकवलं. "खरंच येणार असशील तर यावर हात ठेव आणि शपथ घे."

गेरहार्टनं बायबलाकडं पाहिलं. हात मागं घेतला. "शपथ नाही घेता येणार मला."

सभागृहात एकच गलका झाला. "बघा!" "आत्ताच पलटला!" दादासुद्धा काठी आपटून म्हणाला, "अरे, तुझंच पुस्तक आहे ना ते?"

"त्याच पुस्तकात लिहिलंय, शपथ वाहू नका," गेरहार्ट म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "आमच्यात कुणीच घेत नाही. कोर्टातसुद्धा नाही. 'हो' म्हणजे हो. मी 'हो' म्हणतो. याहून जास्त माझ्याकडं काही नाही."

गलका वाढला. आणि मग फिलोमीन हसायला लागली. इतकी हसली की नवा चष्मा काढून डोळे पुसले.

"काय झालं?" रेमंड वैतागला.

"अरे, आपल्या खापरपणज्याच्या वेळी गोऱ्यांच्या राणीची माणसं आली होती ना जमीनपाण्याचा करार करायला? त्यांनी काय घेतली नव्हती शपथ? सूर्य उगवेल तोवर, नदी वाहील तोवर. देवाचं नाव घेऊन. सूर्य उगवतोच आहे, आणि नदीवर त्यांनी धरण बांधलं. शपथ घेणारे आपण पुष्कळ बघितले, बाबा. एकदा न घेणारा बघू."

मग कोपऱ्यातून म्हातारा एझ्रा, वरच्या तळ्याचा राखणदार, खाकरला. भात कधी पिकला आणि होड्या कधी घालायच्या हे तोच ठरवतो. तो म्हणाला, "मला बघायचंय."

फिलोमीननं गळ्यातली किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. "तो आला नाही तर ही रेमंडची. चर्चला कुलूप. आणि बाहेरच्या कुणाला मी या गावात परत बोलावणार नाही, मरेपर्यंत." मग किल्ली उचलून परत गळ्यात घातली. "तोवर माझ्याकडं राहू दे. मधले रविवार आहेत."

छप्पर झालं. लोक गेले. दादानं तिला विचारलं, "तुला खरंच वाटतं तो येईल?"

"मला माहीत नाही, दादा."

"मग किल्ली का लावलीस पणाला?"

"एनोसच्या वेळी त्यानं चाल धरून ठेवली होती."

गेरहार्ट दर शनिवारी फोन करायचा. "पिकला का?" "नाही." "अच्छा." बस, एवढंच. त्या वर्षी मॅनिटोबात पावसानं शेतं सोडलीच नाहीत. गहू पिकून उभा, पण ओला, कापणीचं यंत्र घालता येईना. आमच्याकडं बातम्यांत सांगायचे.

सप्टेंबरात एके दिवशी एझ्रा वरच्या तळ्यावर जाऊन आला, चार दाणे दाताखाली फोडले आणि म्हणाला, "उद्या."

फिलोमीननं संध्याकाळी फोन लावला. पहिल्यांदाच तिनं लावला. फोन टीनानं घेतला.

"अगं फिलोमीनताई! तुम्ही! थांबा हं, हे शेतात आहेत. देवाची कृपा, आजच ऊन पडलं बघा. गहू वाळला, यंत्र आत्ताच घातलंय. चार दिवस मिळाले तर वाचलो. परत पाऊस सांगितलाय. काही काम होतं का?"

दादा शेजारीच बसला होता. त्यानं फिलोमीनचा चेहरा पाहिला. तिनं किल्लीची नाडी बोटाभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"नाही गं," ती म्हणाली. "सहजच केला. गहू कापा. देव तुमचं भलं करो."

तिनं फोन ठेवल्यावर दादा भडकला. "सहजच? सहजच! सांगितलं का नाहीस?"

"पिकलेलं पीक आहे, दादा. पिकलेल्या पिकातून माणूस ओढून आणायचा का? आपण काय करतो आपलं पिकल्यावर?"

"अगं पण तुझी किल्ली!"

"हळू बोल. रेमंडला ऐकू जाईल."

सकाळी वरच्या तळ्यावर सगळं गाव जमलं. एझ्रानं चिमूटभर तंबाखू पाण्यात सोडली, फिलोमीननं प्रार्थना म्हटली आणि एकेक जोडी होडीत बसून भातात शिरली. एक उभा राहून काठीनं रेटणारा, एक बसून दोन टिपऱ्यांनी भात वाकवून होडीत झोडपणारा. एकट्यानं हे काम होतच नाही. फिलोमीनची होडी काठावर राहिली. ती तिच्या जागेवर बसलेली, टिपऱ्या मांडीवर, दुसरी जागा रिकामी.

"मी येतो," दादा म्हणाला.

"तू उभा राहिलास तर दोघं बुडू."

रेमंड जवळ आला. टोमणा मारायला आला होता हे त्याच्या चालण्यावरून कळत होतं. पण तिच्यासमोर आल्यावर नुसतंच म्हणाला, "मावशी, किल्ली आज नको. भात झाल्यावर दे."

"आजच घे," ती म्हणाली आणि नाडी मानेवरून काढायला लागली. ती वेणीत अडकली. ती सोडवत असतानाच वरच्या तळ्यापर्यंतच येणाऱ्या कच्च्या रस्त्यावरून धूळ उडवत एक गाडी आली. धूळ कसली, गव्हाचा भुसाच. टपावर, काचेवर, सगळीकडं. त्यातून हातोडा उतरला. अंगात शेतातलेच कपडे, केसांत काड्या, डोळे तांबडे.

"उशीर झाला का?" त्यानं विचारलं.

फिलोमीन ताडकन उठली, होडी हलली. "तू इथं काय करतोयस? गहू सोडून आलास? वेडा आहेस का?"

"तुमचा फोन आला होता."

"मी तर काहीच सांगितलं नाही!"

"हो ना. टीना म्हणाली, फिलोमीनताईंनी सहज फोन केला होता. मी म्हटलं, दर शनिवारी मी करतो, त्या कधी करत नाहीत. आणि त्या सहज फोन करणाऱ्या नाहीत." त्यानं काठाशी बूट काढायला घेतले. "यंत्र बंद केलं, निघालो. काठी कुठली घ्यायची?"

दादानं होडी रेटायची स्वतःची काठी दिली. हे नोंदवून ठेवा.

निघण्याआधी फिलोमीननं त्याच्या तळहातावर तंबाखूची चिमूट ठेवली. तो गोंधळला. "आमच्यात तंबाखू चालत नाही."

"ओढायची नाहीये. द्यायची आहे. घेण्याआधी द्यायचं असतं." त्यानं क्षणभर विचार केला आणि हात पाण्यात बुडवला.

आता काठी धरण्याबद्दल मला सांगायलाच हवं. काठी चिखलात रुतली की ती सोडवून घ्यायची असते, नाहीतर होडी पुढं जाते. हातोड्यानं जोर लावला, होडी पुढं गेली, काठी मागं राहिली, आणि तो काठीला धरून राहिला. पाण्याच्या मधोमध उभ्या काठीला लटकलेला एवढा लांब माणूस. मग काठी हळूहळू, अगदी सावकाश, आडवी व्हायला लागली. सगळ्या होड्या थांबल्या. "माफ करा," तो म्हणाला. कुणाला, देव जाणे. आणि गडप झाला. वर आला तेव्हा डोक्यावर भाताची लोंबी. तळ्याला मी इतकं हसताना कधी ऐकलेलं नाही. रेमंडला तर होडीत आडवं व्हावं लागलं.

"एनोसही पहिल्या वर्षी असाच पडला होता," फिलोमीननं त्याला हात देत सांगितलं. हे खोटं होतं. एनोस कधीच पडला नव्हता. पण तिनं ते इतक्या मायेनं सांगितलं की दादानंही मान डोलावली.

दुपारपर्यंत त्याला जमायला लागलं. संध्याकाळी पहिलं पोतं खाडीवर आलं. फिलोमीननं चिखल कालवला, त्यानं गोळे केले. लाडू वळावेत तसे, एकसारखे, एका ओळीत मांडून. त्यांचा हा स्वभाव जात नाही. मग तो कमरेपर्यंत पाण्यात उतरला, जिथं जूनमध्ये उतरला होता तिथंच, आणि एकेक गोळा तळाशी ठेवत गेला. फिलोमीन काठावरून गात होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, "जुनेही दाणे आहेत खाली. सगळे एकाच वर्षी उगवत नसतात ते. काही झोपून राहतात चिखलात. तू सगळं नाही उपटलंस. तुला ते जमणारच नाही."

तो पाठमोरा होता. बराच वेळ त्यानं पुढचा गोळा ठेवला नाही. मग ठेवला.

काठावर येऊन त्यानं आधी आकाशाकडं पाहिलं. शेतकरी बघतो तसं, पश्चिमेकडं. फिलोमीननं ते पाहिलं.

"आत्ताच्या आत्ता घरी जा, गेरहार्ट."

"उद्याही काठी धरायची आहे मला. तुमची जोडी मोडेल."

"तुझा गहू मोडेल!"

"हो म्हटलंय."

"याचा 'हो' म्हणजे डोक्याला ताप आहे नुसता," फिलोमीन दादाला म्हणाली. रेमंड तिथंच पोती उचलत होता. त्यानं विचारलं, "कसला गहू?" आणि तिनं त्याला सांगितलं. फोनचंही सांगितलं. रेमंडनं पोतं खांद्यावर टाकलं आणि एझ्राच्या घराकडं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेरहार्ट काठी घेऊन वरच्या तळ्यावर गेला, तर पाण्यात एकही होडी नव्हती. सगळ्या काठावर पालथ्या. एझ्रा ओंडक्यावर बसून चहा पीत होता.

"आज तळं बंद," एझ्रा म्हणाला. "झोडपल्यावर भाताला दोन दिवस विसावा द्यावा लागतो. उरलेला पिकतो मग."

"काल नाही सांगितलंत?"

"काल मी ठरवलं नव्हतं."

इतक्यात मागं हॉर्न वाजला. रेमंडची गाडी, तिच्यामागं अजून दोन; गावच्या गाड्या रस्ता संपतो तिथंच उभ्या असतात. खिडकीतून डोकं काढून रेमंड ओरडला, "ए हातोड्या! तुमच्या मुलखात मी पोरवयात बीटाच्या शेतांत राबलोय. धान्याचा ट्रक चालवता येतो मला. बघतोस काय, रस्ता दाखव पुढं!"

गेरहार्टनं काठी एझ्राच्या हातात दिली आणि डोळे पुसत आपल्या गाडीकडं पळाला.

फिलोमीन तिथं आधीच बसलेली होती. मांडीवर बॅनकची टोपली, गळ्यात किल्ली, आणि हातात टिपऱ्या.

"फिलोमीनताई, या कशाला?"

"सवयीनं उचलल्या. तुझ्या त्या यंत्रात मला बसायला जागा आहे का?"

"आहे ना. चालवणाऱ्याशेजारी दुसरी जागा असते."

"उभं राहून रेटावं लागत नाही ना?"

"नाही."

"मग चल लवकर," ती म्हणाली. "दादा, तू मागं बस आणि टोपलीला हात लावू नकोस."

दादा मागं बसला. टोपली पुढं होती, म्हणून हात लावता आला नाही.